अव्वाच्या सीटखालचा पंप

मंडळी, प्रेशर म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. शाहूपुरीत माझं कुकर आणि शेगड्या दुरुस्तीचं दुकान आहे. न होणारी शिट्टी घेऊन कुणीही माझ्याकडे यावं. रिंग गेलीय, व्हॉल्व्ह गेलाय, की बाईंनी आत पाणीच घातलं नव्हतं, हे मी झाकण न उघडता सांगतो. त्या शेवटच्या प्रकारच्या गिऱ्हाइकांना मी जे भाषण देतो, ते ऐकायला शेजारचे दुकानदार हातातलं काम टाकून येतात. तेव्हा आमच्या गाडीचं पेट्रोलचं प्रेशर कमी पडतंय अशी मला शंका आली, त्या दिवशी मला काळजी नाही, आनंद झाला. आपल्या प्रांतातलंच दुखणं निघालं!

गाडी जुनी, पांढरी. गेले काही आठवडे ती पहिल्या किल्लीला चालू होत नव्हती. पुलाच्या चढावर अर्ध्यात आली की दम टाकायची. ॲक्सिलरेटर दाबावा तर मागून कुणी धरून ठेवल्यासारखी अडायची. उन्हात बंद पडायची आणि सावलीत घटकाभर उभी केली की काही झालंच नाही अशा थाटात सुरू व्हायची. मी आधी प्लग बदलले, मग बॅटरी, मग फिल्टर. प्रत्येक वेळी दोन दिवस बरं वाटायचं.

"अहो, गॅरेजला न्या की," सुष्मिता, म्हणजे माझी बायको, रोज म्हणायची.

"गॅरेजवाला बदलून देईल. पण का बिघडलं, ते कोण सांगणार?"

हा माझा स्वभाव. वस्तू चालू झाली नाही तरी चालेल, पण का चालू होत नाही हे कळल्याशिवाय मला जेवण जात नाही. या स्वभावापायी त्या सोमवारी माझ्या मुलीचं लग्न मोडायची वेळ आली होती.

झालं असं. आमच्या शिवलीलाला कसबा बावड्यातलं एक स्थळ आलं होतं. मुलगा रुद्रेश, साखर कारखान्यात केमिस्ट. शिवलीलाला तो पसंत होता आणि तिने ते तोंडाने सांगितलंही होतं. राहिली होती फक्त माझ्या आईची, शांतव्वाची, मान डोलायची. अव्वा निपाणीकडची. आमच्या घरात तिने हो म्हटल्याशिवाय साधा पंखासुद्धा विकत येत नाही. तिने एकदा मुलाचं घर बघायचं आणि तिथेच सुपारी फोडायची, असं ठरलं होतं.

पहिल्यांदा निघालो तर दूध उतू गेलं. "आज नको," अव्वा म्हणाली. दुसऱ्यांदा निघालो तर शेजारच्या हंबीररावांची म्हैस आमच्या दारात आडवी उभी राहिली ती हलेना. "ही म्हैस उगीच उभी न्हाय," म्हणून अव्वा परत आत जाऊन बसली. मुलाचे वडील शिवलिंगअप्पा कारखान्यात वजनकाट्यावर काम करणारे, काट्यासारखेच सरळ. त्यांनी मला फोनवर सांगितलं, "बसवेशराव, दोनदा आमी समजून घेतलं. सोमवारी दुपारपातूर आला न्हाईसा, तर तुमचा नकार समजतो. पोराला बी तसंच सांगतो."

शिवलीला दोन दिवस घरात मुकाट्याने वावरत होती. एरवी ही मुलगी गप्प बसत नाही, त्यामुळे ते मला फार लागलं.

सोमवारी सकाळी अव्वा अंघोळ, पूजा करून, कपाळाला विभूतीचे ठसठशीत पट्टे ओढून, नवी शाल घेऊन गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली. ती गाडीतसुद्धा मांडी घालूनच बसते. म्हणून तर तिला दुसरी कुठली गाडी चालत नाही. रिक्षात मांडी मावत नाही आणि हल्लीच्या उंच गाड्यांत चढायला तिला शिडी लागते. मी देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली. इंजिन खर्र खर्र करत राहिलं, पण पेटेना.

सुष्मिताने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. दूध झालं, म्हैस झाली, आता गाडी. हे अव्वाला कळलं की ती उतरणार, आणि ती उतरली की सगळंच बारगळणार.

"का रं थांबलास?" अव्वाने विचारलं.

"काही नाही अव्वा. चांगल्या कामाला निघालोय, तर एकदा प्रेशर बघून घेतो. पाच मिनिटं."

बॉनेट उघडलं. प्रेशर मोजायचं मीटर मी हौसेने आणून ठेवलंच होतं. इंजिनवरच्या पेट्रोलच्या नळीला सायकलच्या ट्यूबसारखा एक व्हॉल्व्ह असतो, तिथे ते बसवलं आणि सुष्मिताला किल्ली फिरवायला लावली. सुई हलली नाही. आता खरी मजा. सुई शून्यावर आहे म्हणजे पेट्रोल येत नाही, की मीटरच बिघडलेलं आहे? पेट्रोल येत नसेल तर पंप मेला, की पंपाला वीजच मिळत नाही? सुपारी, शिवलिंगअप्पा, दुपार, सगळं क्षणभर माझ्या डोक्यातून निघून गेलं. अडचणीत माणसाला घाम फुटतो, मला प्रश्न फुटतात.

याची साधी परीक्षा असते. पेट्रोलचा पंप मागच्या सीटखाली, टाकीच्या आत बसवलेला असतो. इंजिन सुरू न करता किल्ली नुसती अर्धी फिरवली, की तो जरासा गुणगुणतो आणि थांबतो. गुणगुणला तर जिवंत, नाही गुणगुणला तर काहीतरी गडबड. पण आवाज इतका बारीक, की तो ऐकायला आजूबाजूला पूर्ण शांतता हवी. आणि शांतता ही वस्तू कोल्हापुरात कुठल्या दुकानात मिळते, ते मला अजून कळलेलं नाही.

आमच्या गल्लीत एका बाजूला पिठाची गिरणी. समोर धोंडुबाईंचं स्वयंपाकघर, त्यात माझ्याच दुकानातला कुकर, चांगल्या खणखणीत शिट्ट्या देणारा. आणि शेजारी हंबीरराव, ज्यांनी कानात सांगितलेलं गुपित गल्लीच्या टोकापर्यंत जातं. ते आलेच.

"काय झालंय बसूशेठ? गाडी बसली व्हय?"

मी घाईने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "हळू बोला. अव्वाला कळता कामा नये. पंपाचा आवाज ऐकायचाय, गल्ली गप्प करा जरा."

"एवढंच? करतो की."

हंबीररावांनी गल्लीच्या मधोमध उभं राहून "गप बसा रं समदी" अशी जी आरोळी ठोकली, तिने आणखी चार जण काय झालं म्हणून बघायला बाहेर आले. मग त्यांनी प्रत्येकाकडे जाऊन ओठांवर बोट ठेवलं. सगळ्यांना फोन बंद करायला लावले, कारण त्यांच्या स्वतःच्या फोनची बेल सनई-चौघड्याची आहे. मी, सुष्मिता, आत साडी नेसत असलेली शिवलीला, आम्हीही बंद केले.

"काय ऐकायलाय एवढं?" अव्वाने आतून विचारलं.

"पंप, अव्वा. तुझ्या सीटखाली असतो. किल्ली फिरवली की बारीक आवाज येतो."

"मग बाहेर उभं ऱ्हाऊन तुला काय ऐकू येनार? माझ्या बुडाखाली हाय न्हवं? मी ऐकतो." आमच्याकडच्या जुन्या बायका असंच बोलतात, मी जातो, मी येतो. "तू फकस्त समद्यास्नी गप कर. कुनी माझ्याशी बोलू नगा."

तिने शाल सारखी केली, पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले. मी चारही दारं उघडली आणि बाहेर कान देऊन उभा राहिलो. हंबीरराव हात जोडून उभे राहिले. हात मोकळे असले की तोंड उघडतं, असं त्यांचं म्हणणं. पण गिरणी चालूच होती, त्यामुळे आम्ही नुसतेच थांबून राहिलो.

तेवढ्यात आण्णा आले. आण्णा म्हणजे आमच्या समाजातले जुने गृहस्थ. समाजाचा मोबाइलवरचा ग्रुप तेच सांभाळतात, आणि कुणाचं काही बरंवाईट झालं की ग्रुपवर पहिला फोटो तेच टाकतात. हंबीररावांनी लांबूनच खूण केल्यामुळे त्यांनी स्कूटर बंद करून ढकलत आणली. गाडीपाशी आले, आत बघितलं आणि जागच्या जागी थांबले. मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली, चपला काढल्या, वाकून नमस्कार केला, फोनवर एक फोटो काढला आणि डोळे पुसत स्कूटर ढकलत परत गेले.

मला वाटलं, चांगल्या कामाला निघालेल्या म्हातारीच्या पाया पडले. मोठा भला माणूस.

आता तुम्हाला एक सांगायला हवं, जे त्या वेळी माझ्याच लक्षात आलं नाही. आमच्या समाजात माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालतात, कपाळाला विभूती लावतात, अंगावर शाल घालतात आणि मांडी घालून, पाठ टेकवून बसवतात. नेतानाही बसवूनच नेतात. आता डोळ्यांसमोर आणा: अव्वा मांडी घालून बसलेली, विभूती ताजी, शाल नवी, डोळे मिटलेले. चारही दारं उघडी. भोवती माणसं माना खाली घालून उभी, आणि जन्मात गप्प न बसलेले हंबीरराव हात जोडून गप्प. आण्णांनी दुसरं काय समजायचं?

थोड्या वेळाने गिरणी बंद झाली. दसऱ्याला पूजेपुरती सोडली तर ती कधी थांबत नाही. मग धोंडुबाईंचा कुकर शिट्टी अर्धी टाकून गप्प झाला, आणि त्या पदराने डोळे टिपत दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, कांदा चिरत असतील. कोपऱ्यावरचे दुकानदार आले, पलीकडच्या गल्लीतले आले, ओळखीचे आले, बिनओळखीचे आले. सगळे अगदी मुकाट. एका पंपासाठी आपली गल्ली इतकी समजूतदार होते, हे बघून माझा ऊर भरून आला. पुढे किल्लीपाशी बसलेल्या सुष्मिताला वाटलं, सुपारीला निघालोय म्हणून लोक निरोप द्यायला आलेत. ती आरशातून सगळ्यांना हसून मान डोलावत होती, आणि लोक एकमेकांकडे बघून मान हलवत होते.

मी तिला खूण केली. तिने किल्ली अर्धी फिरवली.

अशी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. पुढून रिलेचा, म्हणजे पंपाला वीज सोडणाऱ्या स्विचचा, बारीकसा टक् ऐकू आला. आणि मागून काहीच नाही.

"अव्वा, आलं का काही?" मी आत डोकावून हळूच विचारलं. अव्वा बोलली नाही. श्वास संथ चालला होता. पहाटेपासून उठलेली, झोप लागली असणार. उठवलं असतं तर तिने पहिला प्रश्न विचारला असता, अजून का निघालो नाही. म्हणून मी तिला उठवलं नाही.

आता एकच परीक्षा उरली होती. रिले वाजला, पण वीज पंपापर्यंत पोचतेय का? पोचत असेल तर पंप मेला. पोचत नसेल तर वायर तुटली, आणि वायर मी तिथल्या तिथे जोडली असती. त्यासाठी पंपाच्या पिनेला टेस्टिंगचा दिवा लावून बघायचा. पिन होती सीटखाली, आणि सीटवर अव्वा.

"हंबीरराव," मी त्यांच्या कानात म्हणालो, "अव्वासकट सीट उचलायची. तुम्ही या दारातून, गिरणीवाला त्या दारातून. वीतभर उचला, मी खालून हात घालतो. पण झोपमोड होता कामा नये."

अव्वाचं वजन ते काय. दोघांनी कडेच्या खिट्ट्या काढून सीट अलगद वर उचलली आणि मी आडवा होऊन डोकं खाली घातलं. तिथून मला उघड्या दाराखालच्या फटीतून बाहेरचे नुसते पाय दिसत होते. सगळे अनवाणी. एवढ्या उन्हात सगळी माणसं चपला काढून का उभी आहेत, हा प्रश्न मला पडला. पण एका वेळी एकच, म्हणून मी तो बाजूला ठेवला. माझ्या मानेवर काहीतरी मऊ पडलं. झेंडूची पाकळी. तिचाही विचार मी पुढे ढकलला.

"किल्ली फिरव."

दिवा लखकन लागला.

"लागला! वीज येतेय, पंपच गेलाय!" मी ओरडलो. त्याच वेळी बाहेरून शेकडो गळ्यांतून "हर हर महादेव" असा गजर झाला. एका कुकर दुरुस्तीवाल्याच्या निदानाला एवढी दाद मिळावी, हे मला जरा जास्तच वाटलं, पण वाईट नाही वाटलं.

तोवर सीटच्या एका कोपऱ्याला तिसरा कुणीतरी येऊन भिडला होता. त्याने खांदाच खाली घातला होता आणि तो हुंदके देत होता. मी मान वाकडी करून बघितलं. रुद्रेश! त्याच्यामागे हार घेतलेले शिवलिंगअप्पा, डोक्यावरची टोपी हातात. फोटो बावड्याला पोचला होता, आमचे फोन बंद होते, आणि दुपारची मुदत विसरून ती माणसं होती तशी धावत आली होती. आता माझ्या डोक्यात सगळे प्रश्न एकदम सुटले: चपला, पाकळी, धोंडुबाईंचा कांदा. जिवंत म्हातारीचं मयत मांडणाऱ्या घरात कोण मुलगा देणार?

"कोन रडतंय रं एवढं?" वरून अव्वाचा आवाज आला.

हंबीररावांनी सीट सोडली. गिरणीवाल्याने सोडली. मी कसाबसा हात आणि डोकं बाहेर ओढलं, तोवर अव्वासकट सीट टाकीच्या झाकणावर दाणकन आदळली. दचकून सुष्मिताने किल्ली पूर्ण फिरवली. आणि मंडळी, सीटखालून तो आवाज आला. बारीक, कुरकुरता, पण आवाज. मरायला टेकलेला पंप असाच असतो, धक्का बसला की चार घटका चालतो. इंजिन एकदा खोकलं आणि सुरू झालं.

गर्दी दोन पावलं मागे सरकली. आण्णा तिथेच रस्त्यावर खाली बसले. शिवलिंगअप्पांना हाराचं काय करावं ते सुचेना. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "ही काय पद्धत झाली, बसवेशराव?"

मी टेस्टिंगचा दिवा पुढे केला. "पंप, रिले, दिवा..." मी सांगू लागलो. माझ्या मागे दारात शिवलीला उभी होती, नवी साडी नेसून, रडवेली. तिच्याकडे बघून मला स्वतःची फार लाज वाटली. पाच मिनिटं म्हणालो होतो मी.

"त्येला काय इचारतासा," अव्वा म्हणाली. "मी झोपल्यालो न्हवतो. गजराच्या आधीपास्नं ऐकायलोय समदं."

"अगं मग बोललीस का नाहीस?"

"तूच म्हनलास की गप बसा म्हनून. आनि मला बी ऐकायचं हुतं, आपन गेल्यावर लोक काय बोलत्यात ते." तिने धोंडुबाईंकडे नजर टाकली. "धोंडुबाई, माझी पाटली कोन काढनार म्हनून कुजबुजत हुतीस न्हवं? ती घट्ट बसल्याली हाय, निघायची न्हाय, तू काळजी करू नगं."

धोंडुबाई घरात गेल्या. त्यानंतर दोन दिवस त्यांच्या कुकरची शिट्टी कुणी ऐकली नाही.

अव्वाने रुद्रेशला बोटाने जवळ बोलावलं. तो डोळे पुसत, शरमून पुढे आला.

"तू का रं रडलास? मी तुझी कोन?"

"शिवलीला रोज तुमचंच बोलती, अज्जी," तो म्हणाला. "तुमच्याशेजारीच झोपती म्हणती. तिचं कसं होनार, असं वाटलं."

अव्वाने त्याचा हात थोपटला. मग शिवलीलाकडे बघून म्हणाली, "दूध काय, म्हस काय, मीच निमित्त काढत हुतो. ही गेली की माझ्याशेजारी कोन झोपनार, म्हनून." मग तिने आवाज चढवला. "शिवलिंगअप्पा, परवा दूध उतू गेलं म्हनून मी उठलो, म्हस आली म्हनून उठलो. आज तर मी मेलोच. ह्याच्या म्होरं मोठा अपशकुन कंचा हुयाचा ऱ्हायलाय? त्यो बी हून गेला. सुपारी आना."

शिवलिंगअप्पांनी तिच्याकडे बघितलं, हाराकडे बघितलं, आणि ते हसू लागले. काट्यावरचा माणूस हसतो कसा, ते मी पहिल्यांदाच बघितलं.

सुपारी तिथेच, गल्लीत, गाडीच्या बॉनेटवर फुटली. इंजिन मी चालूच ठेवलं होतं. बंद करायची माझी हिंमत नव्हती. अख्खी गल्ली आयती जमलेलीच होती. आण्णांनी ग्रुपवर दुरुस्तीही टाकली, पण घाईत फोटो तोच लावला. त्यामुळे निपाणी आणि संकेश्वरचे पाहुणे संध्याकाळपर्यंत येत होते आणि पेढे खाऊन जात होते. तो फोटो अव्वाने पुसू दिला नाही. "बरा आलाय," म्हणाली, "ठेव. फुडं लागंल."

दुसऱ्या दिवशी नवा पंप बसवला. जुना मी दुकानात नेऊन उघडला. का गेला ते कळायला नको? आतली मोटर जळून काळी पडली होती. मग समजलं. पंप पेट्रोलात बुडालेला असतो आणि त्या पेट्रोलनेच तो थंड राहतो. टाकी सतत रिकामी ठेवली की तो तापून तापून जळतो. आणि काट्याखालचा लाल दिवा लागल्याशिवाय पेट्रोल घालायचं नाही, हा गेल्या कित्येक वर्षांचा माझा बाणा. आत पाणी न घालता कुकर गॅसवर ठेवणाऱ्या बायकांना मी जे भाषण देतो, त्यातला शब्दन् शब्द मला लागू होता. हल्ली मी ते भाषण बरंच आटोपतं घेतो.

लग्न दिवाळीनंतर आहे. टाकी आता अर्ध्याच्या खाली जात नाही. तरी कुठे निघालो की मी किल्ली अर्धी फिरवून थांबतो, आणि पंप गुणगुणला की एकदा मागे वळून बघतो. अव्वा मांडी घालून, डोळे मिटून बसलेली असते.

"बघतोस काय," ती डोळे न उघडता म्हणते, "चालू हाय की."